1967 च्या एमजीबीला हेडर बसवताना: नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गाडी 1967 सालची, उजव्या स्टिअरिंगची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. इंजिन मूळचेच, 1798 सीसीचे, पाच मेन बेअरिंगचे असून त्यावर दोन एसयू एचएस-4 कार्ब्युरेटर आहेत. कारखान्याने या इंजिनाची ताकद 5400 आरपीएमला 95 बीएचपी अशी दिलेली आहे. गंगापूर रस्त्यावर राहणारे निवृत्त अभियंते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ती गेली अनेक वर्षे स्वतः चालवतात आणि सांभाळतात. त्यांची तक्रार अशी होती, की सकाळी इंजिन थंड असताना बॉनेटखालून टिक-टिक असा आवाज येतो, तो दहा-पंधरा मिनिटांत मावळतो, आणि टप चढवलेले असेल तर गाडीत धुराचा वास येतो. एक्झॉस्टच्या गळतीचे हे लक्षण जुने आणि ओळखीचे आहे. थंड धातूत उघडी असलेली फट धातू तापून प्रसरण पावला की मिटते आणि आवाज थांबतो, परंतु गळती बरी झालेली नसते. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. धुराचा वास येतो तेव्हा तोही सोबत येत असतो, त्यामुळे उघड्या टपाच्या गाडीतही हे लक्षण पुढे ढकलण्यासारखे नाही.

गळतीची जागा शोधण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू मागच्या नळीला जोडली आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणाऱ्या बिडाच्या ओतकामावर, साबणाचे पाणी मारले. मधल्या शाखेच्या मुळाशी बुडबुड्यांची बारीक रेघ उमटली. मॅनिफोल्ड काढून घासल्यावर दिसले, की भेग फ्लँजच्या, म्हणजे इंजिनावर आवळल्या जाणाऱ्या सपाट कडेच्या, आत शिरलेली आहे आणि फ्लँजचा पृष्ठभागही वाकलेला आहे. बिडाच्या ओतकामाला जोड देता येतो, परंतु त्यासाठी संपूर्ण तुकडा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून, निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून, राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करावा लागतो. भेग शाखेवर असती तर मी तोच मार्ग सुचवला असता. फ्लँजमधली भेग मात्र प्रत्येक तापण्या-निवण्याच्या फेऱ्यात ताण खाते आणि जोडाच्या शेजारून पुन्हा उघडते.

येथे काकांनी हेडरचा, म्हणजे ओतीव मॅनिफोल्डऐवजी बसवायच्या वाकवलेल्या नळ्यांच्या जुळणीचा, विषय काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते: मॅनिफोल्ड बदलावाच लागणार असेल, तर त्या जागी नळ्यांचा हेडर का बसवू नये, वजन कमी होईल, आवाज सुधारेल आणि ताकदही वाढेल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीचे उत्तर देण्यासाठी या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, समजून घेणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

एमजीबीच्या या बी-सिरीज इंजिनाच्या हेडला चार सिलिंडर असूनही एका बाजूला मिळून पाचच पोर्ट, म्हणजे वायूच्या वाटा, आहेत. इनटेकचे दोन: पहिला आणि दुसरा सिलिंडर एका पोर्टातून श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्यातून. एक्झॉस्टचे तीन: दोन्ही टोकांच्या सिलिंडरांना स्वतंत्र वाट, आणि मधल्या दोघांना मिळून एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे, म्हणजे तिसरा सिलिंडर पेटल्यानंतर दुसरा पेटेपर्यंत क्रँकशाफ्टची बरोबर एक पूर्ण फेरी, 360 अंश, होते. त्यामुळे मधल्या पोर्टात एकाचा धूर निघून गेल्यावरच दुसऱ्याचा येतो आणि दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिला आणि चौथा यांच्यातही तेवढेच अंतर आहे. कारखान्याच्या अभियंत्यांनी याचाच उपयोग करून बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये मधल्या पोर्टाची वाट वेगळी ठेवली, टोकांच्या दोन वाटा एकत्र आणल्या आणि खाली दोन तोंडांतून दोन नळ्या काढल्या. हेडर विकणारे ज्या रचनेची जाहिरात करतात ती रचना, आखूड रूपात का होईना, या ओतकामात आधीपासूनच आहे.

इनटेकच्या बाजूची परिस्थिती मात्र उलट आहे. पहिला आणि दुसरा सिलिंडर एकाच पोर्टावर असून त्यांच्यातील अंतर एका बाजूने 180 अंशांचे आणि दुसऱ्या बाजूने 540 अंशांचे पडते. साहजिकच एकाचा इनटेक व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी दुसऱ्याचा उघडतो आणि मिश्रणाची ओढाताण होते. या इंजिनाचा श्वास अडतो तो इथे, आणि त्याखालोखाल सौम्य कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात. एक्झॉस्टची वाट मोकळी केल्याने ही अडचण दूर होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावते, नळ्या जिथे एकत्र येतात तिथून कमी दाबाची लाट परत फिरते, आणि ती दोन्ही व्हॉल्व्ह थोडे-थोडे उघडे असण्याच्या क्षणी पोर्टापाशी पोहोचली तर उरलेला धूर ओढून नेते, हे हेडरचे तत्त्व खरे आहे. परंतु मूळ कॅममध्ये तो क्षण फारच लहान असतो. म्हणून मी काकांना स्पष्ट सांगितले, की कॅम, हेड आणि कार्ब्युरेटर मूळचेच राहणार असतील तर वरच्या आरपीएमला किंचित मोकळेपणा जाणवेल, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये. सुस्थितीतले बिडाचे मॅनिफोल्ड मिळाले तर माझा कौल त्यालाच राहील, हेही सांगितले.

त्यांनी दोन्ही बाजू ऐकून हेडर निवडला. इंग्लंडहून जड ओतकाम मागवण्याचा वाहतूक आणि सीमाशुल्काचा खर्च, आलेला नग सरळ निघेल की नाही याची अनिश्चितता, आणि नाशिकमध्येच चांगले काम करून घेता येण्याची शक्यता, ही त्यांची कारणे होती आणि ती रास्त होती.

कायद्याचा विचार आम्ही काम सुरू करण्याआधीच केला. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. शिवाय जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे जे नियम आणले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. काकांना पुढेमागे ती नोंदणी करायची आहे. त्यामुळे हेडला, चॅसीला किंवा बॉडीला एकही नवे छिद्र पाडायचे नाही, सायलेन्सर जागेवर ठेवायचा, आणि जे काही बसेल ते पाने-पक्कड घेऊन एका दिवसात काढून मूळ पद्धतीचे मॅनिफोल्ड परत चढवता आले पाहिजे, ही अट पहिल्या दिवशीच कागदावर लिहिली. जुन्या गाडीवर काम करताना अशी अट लिहून ठेवण्याचा मला फार उपयोग झाला आहे, कारण पुढे प्रत्येक सोयीस्कर वाटणाऱ्या कापाकापीला तीच आडवी येते.

नळ्या, फ्लँज आणि वॉशर

नाशिकमध्ये या कामाची एक चांगली सोय आहे. वायनरी आणि डेअरीसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन करणारे फॅब्रिकेटर सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांच्याकडे 304 दर्जाची, बाहेरून 38 मिलिमीटर व्यासाची, सुमारे दीड मिलिमीटर जाडीची नळी आणि तिचे तयार गुळगुळीत बेंड सहज मिळतात. 1800 सीसीच्या मूळ स्थितीतल्या इंजिनाच्या हेडरला हाच व्यास योग्य आहे. त्याहून मोठी नळी घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण रुंद नळीत वायूचा वेग पडतो आणि शहरात लागणारी खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. डेअरीच्या कामाचा आणखी एक फायदा असा, की तिथले कारागीर आर्गन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडतात. तसे केले नाही तर स्टेनलेसच्या जोडाची आतली बाजू जळून तिच्यावर खरखरीत काळी पपडी येते. दुधाच्या नळीत ती स्वच्छतेला मारक असते. हेडरमध्ये ती वायूला अडवते आणि जोड कच्चा ठेवते.

मधल्या पोर्टाची नळी लांब ठेवून टोकांच्या दोन नळ्या आधी एकत्र आणायच्या आणि मग मधलीला मिळवायच्या, अशी जुनी, सिद्ध झालेली मांडणी आम्ही घेतली. या इंजिनाचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला आहेत, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा वाटेत येत नाही; डाव्या स्टिअरिंगच्या एमजीबीत हीच गोष्ट मोठी डोकेदुखी ठरते. आम्हाला जपावे लागले ते इंजिनाच्या डाव्या माउंटिंगचे रबर आणि शेजारच्या सीटपुढचा पायाकडचा पत्रा.

वेल्डिंग करताना नळ्या नुसत्या फ्लँजवर धरल्या तर फ्लँज हमखास वाकतो. म्हणून भंगारात निघालेले एक बी-सिरीज हेड मिळवून त्यावर फ्लँज पक्का आवळला आणि सगळे जोड त्यावरच केले. फ्लँज 304 चाच ठेवला, आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर तीन पोर्टांच्या मधून कापून त्याचे तीन स्वतंत्र तुकडे केले. कारण असे: बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे 11 मायक्रोमीटर वाढते, साधे लोखंड सुमारे 12, तर 304 स्टेनलेस सुमारे 17. पहिल्या आणि चौथ्या पोर्टातले अंतर ढोबळमानाने 300 मिलिमीटर आणि तापमानातली वाढ 300 अंश धरली, तर स्टेनलेसचा अखंड फ्लँज जवळपास दीड मिलिमीटर लांब होऊ पाहतो. हेड मात्र बिडाचे, पाण्याने थंड ठेवलेले, जवळपास जागच्या जागी राहणारे. अखंड फ्लँज अशा वेळी एकतर स्टड वाकवतो किंवा गॅस्केट घासून काढतो.

स्टडांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या इंजिनाला हेडर बसवून फसलेली जी उदाहरणे मी पाहिली, त्यांतली बहुतेक तिथेच फसलेली होती. एमजीबीत इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांना समाईक स्टड आहेत. एकाच स्टडवरचा एक मोठा, जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसतो, आणि एकच नट दोघांना मिळून दाबतो. दोन्ही फ्लँजची जाडी समान असेल तरच दाब समान पडतो. नवा फ्लँज एक मिलिमीटर जाड असला तर वॉशर तिरका होतो, एक्झॉस्ट आवळला जातो आणि इनटेक सैल राहतो. पातळ असला तर उलट. नट कितीही आवळला तरी ही चूक सुधारत नाही, उलट स्टड हेडमधून उपटून येण्याचा धोका वाढतो.

आम्ही इनटेक मॅनिफोल्डची प्रत्येक समाईक स्टडजवळची जाडी मायक्रोमीटरने मोजली तेव्हा आढळले, की पूर्वी कोणीतरी तो सपाट करण्यासाठी घासलेला असून त्याची जाडी सगळीकडे सारखीही नाही. म्हणून नव्या फ्लँजचे पत्रे मुद्दाम जाड घेतले, वेल्डिंगनंतर दोन्ही मॅनिफोल्ड त्या भंगारातल्या हेडवर एकत्र आवळले आणि अंबडमधल्या एका मशीन शॉपमध्ये वॉशर जिथे टेकतात त्या जागा मिलिंगवर एकाच पातळीत आणल्या. इनटेकमधून जेमतेम खरवड निघेल एवढेच घेतले. या कामाला हेडर बनवण्याइतकाच वेळ गेला, आणि माझ्या मते तो सर्वात सत्कारणी लागलेला वेळ आहे.

जुने स्टड उष्णता आणि भेदक तेल आलटून-पालटून देत काढले. एक तुटला, त्याच्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला. नवे स्टड, नवे पितळी नट, नवे समाईक गॅस्केट. पितळी नट लोखंडी स्टडवर गंजून धरत नाही, म्हणून तोच हवा. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, सुमारे 20 न्यूटन-मीटरपर्यंत. आणि इंजिन पूर्ण तापून पुरते थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

मिश्रण

हेडर बसवण्याआधी आम्ही व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, टायमिंग, कॉम्प्रेशन आणि दोन्ही कार्ब्युरेटरांचा मेळ तपासून नोंदवून ठेवला होता. असे केले नाही तर नंतर दिसणाऱ्या प्रत्येक दोषाचे खापर हेडरवर फुटते, किंवा प्रत्येक सुधारणेचे श्रेय त्याला मिळते.

हेडरच्या एकत्र येणाऱ्या तोंडाखाली धुरावरून मिश्रण मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरसाठी आट्यांची एक बैठक आधीच वेल्ड करून घेतली होती. त्या सेन्सरच्या नोंदींतून जे दिसले त्यात हेडरचा वाटा थोडा आणि पेट्रोलचा वाटा मोठा होता. पेट्रोलला जळण्यासाठी वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. आज पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. 1967 च्या जेट आणि सुया मात्र शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे विरळ हवेत मिश्रण थोडे रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते, पण त्याने इथेनॉलची तूट भरून निघत नाही. त्यात हेडरमुळे वरच्या आरपीएमला वायूचा प्रवाह किंचित वाढला, आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण स्पष्टपणे लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, दिसू लागले. एसयूच्या सुईचा निमुळतेपणाच मिश्रण ठरवतो. खालचा जेटचा नट फिरवला तर सगळ्याच आरपीएमला मिश्रण बदलते. त्यामुळे आयडलला बरोबर आणि वर लीन अशा गाडीला नट फिरवून न्याय देता येत नाही. आम्ही वरच्या आरपीएमला काम करणाऱ्या टोकाकडे अधिक निमुळत्या, म्हणजे एक पायरी रिच सुया घातल्या, मग नटाने आयडल लावला आणि कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून तपासला: आरपीएम क्षणभर चढून परत स्थिर झाले, म्हणजे मिश्रण जागेवर आले. पीयूसीला या वयाच्या गाडीसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. गाडी त्यात आरामात बसली.

कसारा घाट

खरी कसोटी उष्णतेची होती. उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, कसाऱ्याहून इगतपुरीकडे ट्रकांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार पूर्ण असतो आणि बॉनेटखाली वारा जवळपास नसतो. चढताना गाडीने काही कुरकुर केली नाही. वर पोहोचून चहासाठी थांबल्यावर मात्र पुन्हा सुरू होईना, आणि झाली तेव्हा काळा धूर टाकत, अडखळत झाली.

बहुतेक लोक याला पेट्रोलच्या नळीत वाफ अडकणे म्हणतात आणि पेट्रोल कमी पडते आहे असे समजतात. एमजीबीचा विजेवर चालणारा पंप मागच्या बाजूला, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असतो. तो थंड पेट्रोल पुढे ढकलत राहतो. प्लग काढले तर ते ओले आणि काळे निघाले, म्हणजे पेट्रोल जास्त झाले होते. इंजिन बंद झाल्यावर पाणी आणि वारा दोन्ही थांबतात, हेडरची उष्णता थेट वर चढते आणि त्याच्या बरोबर वर असलेल्या फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या साठवणीच्या वाटीतले, पेट्रोल उकळून जेटमधून इनटेकमध्ये ओसंडते. इथेनॉल 78 अंशांना उकळते, आणि पेट्रोलमधल्या हलक्या घटकांसोबत त्याचा मोठा भाग त्याहून खालीच वाफ होतो. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर जे चालून जात होते ते आता चालत नाही. बिडाचे जाड मॅनिफोल्ड ही उष्णता देत नव्हते असे नाही, परंतु हेडरच्या नळ्या अधिक पसरलेल्या असतात, आणि त्यातली एक फ्लोट चेंबरच्या अगदी खालून जात होती.

नळ्यांवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा सल्ला अनेकांनी दिला. साध्या लोखंडाच्या हेडरवर मी ती कधीच सुचवणार नाही, कारण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि आतून नळी कुजते. स्टेनलेस तिला अधिक सोसते, पण जोडांवरच्या भेगा तिच्याखाली दिसत नाहीत, हा दोष उरतोच. आम्ही नळ्यांना आतून-बाहेरून सिरॅमिक लेप दिला, आणि कार्ब्युरेटरांखालचा मूळ उष्णतारोधक पत्रा, ज्याचे अस्तर केव्हाच झडून गेले होते, नव्याने केला: दोन पत्रे, मध्ये हवेची पोकळी. कार्ब्युरेटर आणि इनटेकच्या मधले इन्सुलेटिंग ब्लॉकही बदलले, आणि इथेनॉलला टिकतील अशा रबरी नळ्या टाकल्या. त्यानंतर त्याच घाटात, तशाच उन्हात, गाडी थांबवून पुन्हा सुरू केली तेव्हा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात चालू झाली. संपूर्ण दोष गेला असे म्हणणार नाही. उन्हात दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली तर सुरू करताना ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरावा लागतो.

ताकदीबद्दल मोजून जे कळले ते असे. त्र्यंबक रस्त्याच्या एका सपाट टप्प्यावर, पहाटे रस्ता रिकामा असताना, चौथ्या गिअरमध्ये 50 ते 80 किलोमीटर वेग घेण्याचा वेळ आम्ही आधी आणि नंतर अनेकदा घड्याळावर घेतला. दोन्ही वेळच्या नोंदींतला फरक त्या नोंदींच्या आपसातल्या फरकापेक्षा मोठा नव्हता. 4000 आरपीएमच्या वर इंजिन अधिक मोकळेपणाने चढते असे काकांना वाटते आणि मलाही वाटते, पण त्यातला किती भाग सुयांचा आणि किती हेडरचा, हे वेगळे काढता येत नाही. आवाज बदलला, हे मात्र निश्चित: पूर्वीचा जड घोष जाऊन अधिक धारदार झाला, तरी मूळ सायलेन्सर जागेवर असल्याने तो कर्कश नाही. पुढच्या आसावरून काही किलो वजन गेले. टिक-टिक आणि वास पूर्ण थांबले. माझ्या लेखी या कामाचे यश त्या शेवटच्या गोष्टीत आहे.

एका बाबीवर अजून लक्ष ठेवावे लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते आणि एक्झॉस्टची लांब नळी बॉडीला टांगलेली असते; मधला सगळा ताण हेडरच्या एकत्र येणाऱ्या तोंडावर येतो आणि बहुतेक हेडर तिथेच फुटतात. म्हणून नळीचा पहिला आधार आम्ही बॉडीला न देता गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला दिला, जेणेकरून इंजिन, गिअरबॉक्स आणि हेडर एकत्रच हलतील, आणि त्यानंतर एक लवचिक जोड घातला. तेच तोंड गाडीचा सर्वात खालचा भागही झाले आहे. काका आता घराजवळचे उंच गतिरोधक टाळून वळसा घालून जातात, आणि दर ऑइल बदलण्याच्या वेळी तो जोड, तो आधार आणि समाईक वॉशरांचे नट आम्ही गाडी उचलून एकदा पाहून घेतो.